गाडीमायची खोळ

झाडे सर सायकलवर बसलेले मी कधी पाहिले नाहीत. सायकल होती, चांगली तेलपाणी केलेली, पण ते ती हातात धरून तिच्या बाजूनं चालायचे. सायकलवर बसलं की माणूस एकटा पडतो, बोलायला कोणी राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. शाळेपासून घर हाकेच्या अंतरावर, पण सरांना पोचायला संध्याकाळ व्हायची. पानठेल्यावर, कापसाच्या बैलबंड्यांपाशी, गिरणीच्या फाटकाशी, जिथे माणूस दिसेल तिथे सायकल उभी आणि सर सुरू. आणि सर सुरू झाले म्हणजे थाप सुरू झाली, याबद्दल हिंगणघाटात कोणाचं दुमत नव्हतं.

मी त्याच शाळेत गणित शिकवायची. ते भूगोल शिकवायचे. स्टाफरूममध्ये माझी खुर्ची त्यांच्या शेजारी, हे माझं प्राक्तन. मला खोटं बोललेलं खपत नाही. माझ्या वर्गात एखाद्यानं उत्तर बरोबर आणून रीत चुकवली तरी मी त्याला बाकावर उभं करायची, आणि इथे शेजारचा माणूस रोज सकाळी चहासोबत एक नवीन थाप ठेवून द्यायचा. वर पुन्हा, ‘मी सोता डोळ्यानं पाह्यलं, बाई.’ नागपूरच्या पलीकडे न गेलेला हा माणूस आगबोटीनं ऑस्ट्रेलियाला जाऊन आला होता आणि तिथल्या कांगारूनं त्याची टोपी पळवली होती. कांगारू मादी होती आणि टोपी तिनं पोटाच्या पिशवीत ठेवली, हे सांगताना सर स्वतःच्या पोटावर हात ठेवून दाखवायचे. मी म्हणायची, ‘सर, लाज वाटू द्या थोडी.’ त्यावर ते म्हणायचे, ‘टोपी माही गेली बाई, लाज मले काऊन?’

एकदा तपासणीला साहेब आले. भूगोलाच्या वर्गात जाऊन त्यांनी विचारलं, ऑस्ट्रेलियाबद्दल काय माहीत आहे? पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहून ठणठणीत आवाजात म्हणाली, ‘तिथे आमच्या झाडे सरांची टोपी आहे.’ साहेबांनी सरांकडे पाहिलं. दुसरा कोणी असता तर घाम फुटला असता. सरांनी साहेबांना खुर्ची दिली आणि आगबोटीपासून सुरुवात केली. दोन तास गेले, चहा आला, पुन्हा आला, आणि साहेब ‘भूगोलाचं अध्यापन उत्तम’ असा शेरा मारून वर्ध्याच्या गाडीला पळाले. मी तिकडे वर्गाला पायथागोरसचं प्रमेय घोकून घेऊन तयार बसलेली. माझ्या वर्गाकडे साहेब फिरकलेसुद्धा नाहीत. तो राग मला आजही आहे.

पण नुसता राग करावा तर तेही सर जमू द्यायचे नाहीत. आमचे चित्रकलेचे सर गेले तेव्हा शोकसभेत सगळे तेच ते बोलले, मनमिळाऊ होते, निगर्वी होते. झाडे सर उठले आणि म्हणाले की या माणसानं वणा नदीच्या पुरात उडी घालून दोन गोऱ्हे बाहेर काढले होते, मी सोता काठावर उभा होतो. सभा गार. दुसऱ्या दिवशी चित्रकलेच्या सरांची बायको मला हळूच विचारते, ‘बाई, यांना तर पोहता येत नव्हतं ना?’ आणि बोलता बोलता ती जी हसायला लागली, ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. नवरा गेल्यापासून तिच्या तोंडावर हसू आलं नव्हतं. पुढे तीच बाई पाहुण्यांना गोऱ्ह्यांची गोष्ट सांगायची, आणि तिच्या सांगण्यात गोऱ्हे तीन असायचे. आता सांगा, याला काय म्हणायचं?

तर अशा माणसाच्या आयुष्यात ती बस आली.

आणीबाणी उठून वर्ष झालं असेल. हैदराबादकडून एक दुमजली बस हिंगणघाटात आली. टपावर एक माणूस बांबू घेऊन बसलेला, विजेच्या तारा वर उचलत. वरच्या मजल्यावर कुठल्याशा चहाची जाहिरात रंगवलेली. आख्खं गाव पाहायला लोटलं. आमच्याकडे दुमजली घरं मोजकी, आणि ही चक्क दुमजली मोटार. गावाबाहेर वणेच्या पुलाअलीकडे तिचं काहीतरी मोडलं. ड्रायव्हर म्हणाला, पार्ट घेऊन येतो. तो जो गेला तो गेलाच. बस तिथेच रस्त्याच्या कडेला, बाभळीखाली, चाकं मातीत रुतवून बसली.

त्या बाभळीच्या मागे गिरजाबाईची वांगी-कोथिंबिरीची वाडी होती. म्हणजे दिरांची होती. नवरा गेल्यावर दिरांनी तिला घराबाहेर काढलं आणि वाडीत राबायला तेवढं येऊ दिलं. पहिल्या पावसाळ्यात ती बसच्या वरच्या मजल्यावर राहायला गेली ती गेलीच. खाली मागच्या उघड्या पायरीवर भाजीच्या टोपल्या मांडायची. वरती खिडकीत लुगडं वाळत घातलेलं असायचं. ‘माह्या घराले चाकं हायेत,’ असं ती ऐटीत सांगायची.

आणि त्या मागच्या पायरीजवळ, वर जाणाऱ्या जिन्याखालच्या कोनाड्यात, गाडीमाय होती.

तिचं असं झालं. कोनाड्याच्या भिंतीला पितळेचा एक काळवंडलेला लंबगोल पत्रा ठोकलेला होता. पहिल्या खंडेनवमीला गिरजाबाईनं विळा, कुदळ, तराजू पुजले, मग जिच्यात राहतो तिलाही पुजावं म्हणून त्या पत्र्याला शेंदूर लावला. आकार तर देवघरातल्या टाकासारखा. दुसऱ्या दिवशी ट्रक थांबवून भाजी घेणाऱ्यानं शेंदूर पाहिला आणि नारळ फोडला. पुढच्यानं हळद वाहिली. दोन वर्षांत मंगळवारी रांग लागायला लागली. नवीन ट्रॅक्टर घेतला की पहिला नारळ गाडीमायला. शेंदराचा थर बोटभर झाला, मग मूठभर, आणि त्याला आपोआप नाक-डोळे आल्यासारखे दिसायला लागले.

मंगळवारची रांग लागायला लागली त्याच सुमाराला झाडे सरांनी जाहीर केलं की ही बस विलायतेतून आली आहे. तिथल्या रस्त्यांवर ती चालली, म्हातारी झाली, मग तिथल्या लोकांनी ती आगबोटीत घालून बाहेर विकली. तिकडच्या जुन्या बसेस अशाच देशोदेशी जातात, असं त्यांनी सांगितलं. स्टाफरूम खो खो हसली. हेडमास्तर म्हणाले, ‘मुंबईची आहे हो, भंगारात घेतलेली. आणि तुमची टोपी सापडली का तिच्यात?’ त्या दिवसापासून त्यांचं नाव विलायती सर पडलं.

एरवी अशा चेष्टेवर सर दुसरी थाप मारून मोकळे व्हायचे. या वेळी त्यांचा चेहरा पडला. मधल्या सुट्टीत माझ्याजवळ बसून म्हणाले, ‘बाई, आजपावतो थापा मारल्या त्या साऱ्यायनं मानल्या. हे एक खरं हाय, तर कोणीच मानून नाही राह्यलं.’

मी त्यांना ओळखून होते. म्हटलं, पुरावा दाखवा.

झालं. पुराव्याच्या मागे सर असे लागले की सायकल आता शाळेतून थेट बसकडे जायची. मला ओढून नेऊन त्यांनी वरच्या मजल्यावर प्रत्येक बाकाच्या पाठीला लावलेली खरबरीत पट्टी दाखवली. सिगारेट विझवायला. ‘आपल्या इकडे बसमंधी कोणी इतकं लाडानं सिगारेट पिऊ देते काय?’ मग ड्रायव्हरच्या मागची एक लोखंडी पेटी दाखवली. म्हणाले, यातून गरम हवा येते. हिंगणघाटच्या मे महिन्यात उभं राहून मी ती पेटी पाहिली. मुंबईवाला असो की मद्रासवाला, गरम हवेची पेटी बसमध्ये कोण लावेल, हे मलाही पटलं. पण मी तसं दाखवलं नाही. पेटी म्हणजे पुरावा नाही, मी म्हटलं. काही लिहिलेलं असलं पाहिजे.

रस्त्यावर थांबणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याला ते विचारायचे. एका सरदारजीचा साडू विलायतेत बस चालवत होता. सरदारजीनं स्वतः तिकडच्या बसमधून भरपूर फेऱ्या केलेल्या. त्यानं सांगितलं की तिकडे काही गावांच्या नगरपालिकेच्या स्वतःच्या बसेस असतात आणि नगरपालिकेच्या नावाची पितळी पाटी आत लावलेली असते. कुठे? तर जिन्याखाली.

सर पळत सुटले. जिन्याखाली गाडीमाय बसलेली.

त्यांनी गिरजाबाईला भीत भीत विचारलं, थोडा शेंदूर खरवडून पाहू का? तिनं हातातला विळा न ठेवताच विचारलं, देवाची चामडी सोलता काय जी? सर दोन पावलं मागे आले. पण तोंड कुठे गप्प बसतं? गावभर सांगून मोकळे झाले की शेंदराखाली पाटी आहे, पाटीवर विलायतेचं गाव आहे. लोकांनी तेही कांगारूच्या पिशवीत टाकलं.

मग एक चमत्कार झाला. झाडे सर भक्तीला लागले. आयुष्यात देवळाची पायरी न चढलेला माणूस दर मंगळवारी पितळी वाटीत तेलात कालवलेला शेंदूर घेऊन गाडीमायला जायला लागला. दोन्ही हातांनी थापायचा. कोपरापर्यंत लाल होऊन शाळेत यायचा, मुलांच्या वह्यांवर लाल बोटं, खडूवर लाल बोटं. झाडे वहिनी माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, यांना काही झालं का हो, थापाही कमी मारतात. गिरजाबाई मात्र खूश. मास्तरले मायनं सुधारलं, असं सगळ्यांना सांगायची.

मला राहवेना. मी सरळ विचारलं. सरांनी आजूबाजूला पाहिलं, सायकल माझ्या जवळ आणली आणि हळूच म्हणाले, ‘बाई, केळझरच्या रस्त्यावरचा मारुती पाह्यला ना? त्याच्यावर शेंदूर लई झाला की तो सोताच शेंदराची खोळ सोडते. आख्खी एका दमात गळते. देवानं सोता सोडली त कोणाले काय म्हणता येते?’

म्हणजे हा माणूस देवीला जड करत होता. मी डोक्याला हात लावला. हे पाप की पुण्य, याचं उत्तर माझ्या गणितात नव्हतं. पण खरं सांगते, मला मजा यायला लागली. पुढचे मंगळवार मीच त्यांना आठवण करून द्यायची.

दोन उन्हाळे गेले. मधल्या काळात सडक रुंद करायचं काम निघालं. सडकवाले साखळदंड घेऊन बस ओढायला एकदा आले, शेंदूर पाहिला, हात जोडले आणि परत गेले. गिरजाबाई त्या दिवशी सगळ्यांना फुकट वांगी वाटत होती. दिरांकडे परत जायची तिला दहशत होती. ती बोलायची नाही, पण सडकेवर ट्रॅक्टर वाजला की तिचा हात तराजूवर थांबायचा.

तिसऱ्या उन्हाळ्यात, मे महिन्यात टळटळीत दुपारी बाजूच्या वाडीतला माणूस सरांच्या घरी धावत आला, मायनं खोळ सोडली म्हणत. सर मला घ्यायला आले. पुरावा मागणारी मीच ना! त्या दिवशीसुद्धा ते सायकलवर बसले नाहीत, पण चालले असे की मला पळावं लागलं.

पायरीवर खोळ पालथी पडली होती, लालभडक, भाकरीच्या तव्याएवढी. आणि कोनाड्यात पितळेची पाटी, तेल पिऊन पिऊन अशी झगझगीत की जणू काल ठोकली. सर गुडघ्यावर बसले. बोटानं एकेक अक्षर वाचलं. विलायतेतल्या एका गावाचं नाव, त्याखाली तिथल्या नगरपालिकेचा वाहतूक विभाग, त्याखाली बसचा क्रमांक. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पन्नाशीचा माणूस, पण तोंड असं झालं होतं जसं पहिला नंबर आलेल्या पोराचं होतं. ‘वाचलं ना बाई? तुमी सोता वाचलं ना?’

वाचलं, मी म्हटलं. खरं होतं सर तुमचं. त्यांच्याबद्दल हे वाक्य माझ्या तोंडून पहिल्यांदा निघालं.

ते उठलेच. हेडमास्तरांना बोलावतो म्हणाले, साऱ्या स्टाफला बोलावतो. बोलवायची गरजच नव्हती. देवीनं खोळ सोडल्याची बातमी गावात पोचली होती आणि पुलापलीकडून माणसं येताना दिसत होती, नारळ घेऊन, हळदीकुंकू घेऊन. पुढे हेडमास्तर सहकुटुंब. त्यांच्याबरोबर सडकेच्या कामावरचा सुपरवायझर.

गिरजाबाई तेवढा वेळ पाटीकडे पाहत होती. तिला वाचता येत नव्हतं. ती सरांच्या समोर आली.

‘मास्तर, हे पाटी हाय का माय हाय? तो सडकवाला काल इचारून गेला. पानठेल्यावर त्यानं तुमचं ऐकलं म्हणे. माय असन त सडक थोडी वाकवतो म्हणे. निस्ती पाटी असन त उद्या गाडी ओढून नेतो.’

सर तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. हेडमास्तरांच्या डोक्यावरची छत्री आता ओळखू येत होती. ज्यांनी ज्यांनी त्यांना विलायती सर म्हटलं होतं ती सगळी माणसं एका रांगेत स्वतःहून चालत येत होती. असा मोका माणसाला पुन्हा मिळत नाही.

‘शेंदूर हाय का?’ सरांनी विचारलं.

गिरजाबाईनं डबा पुढे केला. सरांनी त्यात तेल ओतलं, कालवायलाही थांबले नाहीत, दोन्ही ओंजळी भरून पाटीवर थापल्या. गाव गेलं, नगरपालिका गेली, क्रमांक गेला. हात मारता मारता म्हणाले, ‘माय हाय गिरजाबाई. देवीले नाव-गाव काय करायचं असते? मायच हाय.’

माणसं आली तेव्हा ते हात पुसत होते. नारळ फुटले, आरती झाली. हेडमास्तरांना राहवलं नाही. सगळ्यांसमोर, सुपरवायझरच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, ‘काय झाडे, निघाली का विलायतेची पाटी?’

गिरजाबाईनं पदर तोंडात धरला होता.

‘नाई जी,’ झाडे सर म्हणाले. ‘पाटीफिटी काही नाई. मुंबईची बस हाय, तुमचंच बरोबर. मी थाप मारली होती.’

काय हसले लोक! सुपरवायझरही हसला, त्यानं गाडीमायला नमस्कार केला आणि आपल्या माणसांना सांगितलं की आखणी चार हात पलीकडून घ्या. झाडे सरांनी थाप मारली होती यावर विश्वास न ठेवायला त्याला कारणच काय होतं? जन्मभर खोटं बोललेल्या माणसानं ‘मी खोटं बोललो’ असं आयुष्यात एकदाच कबूल केलं, आणि तेही खोटं होतं. हेडमास्तर ती गोष्ट सरांच्या निरोपसमारंभातसुद्धा सांगत होते. सर सगळ्यांत मोठ्यानं हसत होते. मी उठून बोलणार होते, त्यांनी टेबलाखालून माझी चप्पल दाबली.

गिरजाबाई त्याच बसमध्ये सुखानं म्हातारी होऊन गेली. पुढे बस सडून गेली तेव्हा लोकांनी कोनाड्याचा तेवढा पत्रा कापून रस्त्याकाठी सिमेंटच्या देवळात बसवला. आजही नवीन गाडी घेतली की पहिला नारळ तिथेच. शेंदराखाली विलायतेची एक नगरपालिका नारळ खात बसली आहे. तिचं नाव मी कोणाला सांगितलेलं नाही आणि इथेही सांगणार नाही. सरही आता नाहीत. तसं आता सांगितलं तरी बिघडणार काय? शेवटी झाडे सरांचीच बस ती, कोण मानतं!

पण सर म्हटलं की मला दिसते ती त्याच दिवसाची संध्याकाळ. सुटलेली खोळ नदीत सोडायची असते. सरांनी ती फडक्यात गुंडाळून सायकलच्या कॅरियरवर बांधली आणि आम्ही वणेवर गेलो. काठावर त्यांनी फडकं सोडून ती उलटी केली. आतल्या बाजूला पाटीची सगळी अक्षरं उमटली होती, आरशात दिसावी तशी उलटी. जगात आता एवढाच पुरावा उरला होता. मी म्हटलं, सर, घरी ठेवा, कोणाला कळतंय? ते पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात गेले आणि खोळ सोडली. ती जड होती, लगेच बुडाली. सर तिथेच पाठमोरे उभे राहिले.

थोड्या अंतरावर एकजण म्हशी धूत होता. त्यानं ओरडून विचारलं, ‘काय पाहून राह्यले जी, सर?’

‘मगर,’ झाडे सर म्हणाले. ‘आत्ता माह्या पायापासून गेली. मी सोता पाह्यली.’

वणेत मगर! पण तो माणूस एक शब्द न बोलता म्हशींना काठी घालत सुटला आणि सगळ्या घेऊन काठावर चढला. सरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. डोळे ओले होते, आणि मिशीत हसत होते.

‘पाहा बाई,’ म्हणाले. ‘यानं पुरावा मांगला काय?’